अशोभनीय घटना

रजेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने वडिलांपुढे कागदांचे जाड पाकीट ठेवले, त्यातले चौथे पान वर काढले आणि एका ओळीखाली नख टेकवले.

"बाबा, हे वाक्य तुमचं ना?"

श्रीपतरावांनी चष्मा पुसून लावला. ओळ हिंदीत होती: 'सायंकाल के समय, माननीय सूबेदार साहब की उपस्थिति में, प्रार्थी के साथ एक अशोभनीय घटना घटित हुई.' वाक्य त्यांचेच होते. पाच महिन्यांपूर्वी ते अर्जात बसवायला त्यांना एक पूर्ण दुपार लागली होती, आणि बसल्यावर, विषय इतका दारुण असतानाही, सुताराला सांधा नीट बसल्यावर वाटते तसे काहीसे समाधान त्यांना वाटले होते. ते समाधान आठवून ते ओशाळले. मुलीने मात्र पाकीट त्यासाठी उघडले नव्हते. तिने पुढचे पान त्यांच्या हातात दिले.

ते चौकशी मंडळाचे टिपण होते. प्रार्थीच्या मूळ अर्जात कोणत्याही व्यक्तीने केलेल्या कोणत्याही कृत्याचा उल्लेख नाही; सुभेदार घटनेच्या वेळी उपस्थित होते एवढेच त्यात म्हटले आहे; सबब प्रार्थीने नंतर तोंडी जबाबात सांगितलेला तपशील मागाहून सुचलेला मानण्यास जागा आहे, असे त्यात नमूद होते. शेवटी साक्षीदारांची यादी होती. साक्षीदार क्रमांक एक, लान्स नायक दर्शना सोनावळे. साक्षीदार क्रमांक दोन, सुभेदार. ज्याने केले तो 'उपस्थिति में' एवढ्या शब्दांच्या बळावर पाहणारा झाला होता.

श्रीपतराव सोनावळे लष्करात चोवीस वर्षे कारकून होते आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन कर्जतजवळच्या आपल्या गावी, कोंडाण्याला, परतल्याला त्यांना सोळा वर्षे झाली होती. या सोळा वर्षांत गावातल्या बहुतेक घरांचे अर्ज त्यांनी लिहिले. जातीचा दाखला, एसटीची बंद पडलेली फेरी, सातबाऱ्यावर चुकलेले नाव, अशा कामांसाठी कशेळ्यापलीकडच्या पाड्यांवरूनही माणसे जीपने त्यांच्याकडे येत. ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना सरकारदारी हात जोडून उभे राहण्यावाचून मार्ग नव्हता, त्याच्या नातवाने कागदावर विषय लिहून, मुद्दे मांडून, खाली सही करून दाद मागावी, ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. आणि कागदाची एक रीत असते, अशी त्यांची पक्की धारणा होती. धाकट्याने मोठ्याच्या अंगावर वाक्य टाकायचे नाही. झाले ते विनयाने सांगायचे. केले कुणी, ते वरच्यांनी आपण ओळखायचे. कचेरीच्या भाषेला क्रूर म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण दुबळ्या माणसाला तिच्या आडोशाने बोलता येते. परंतु आडोसा कुणालाही मिळतो, आणि बलिष्ठ माणूस त्यात अधिक सहजतेने मावतो, हा विचार त्यांना त्या सकाळपर्यंत शिवला नव्हता.

फौजेत महिला शिपायांची भरती सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या तुकड्यांपैकी एकीत दर्शना निवडली गेली होती. उत्तरेकडील एका छावणीच्या मुख्य फाटकावर तिची ड्यूटी असे. पाच महिन्यांपूर्वी तिने फोनवर वडिलांना सांगितले होते, ते असे. संध्याकाळच्या हजेरीनंतर सुभेदाराने तिला किल्ली घेऊन गोदामात बोलावले. त्याने दार आतून लावले. एका हाताने तिचे मनगट आणि दुसऱ्याने तोंड दाबून धरले, मग मनगट सोडून तो हात वर्दीच्या आत घातला. ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली, म्हणून सुटली. हे सांगताना तिने एकही वाक्य अर्धे सोडले नव्हते. श्रीपतरावांनी सगळे ऐकले आणि बापाला जे करता येण्यासारखे होते ते केले. तिला म्हणाले, अर्ज मी लिहून पाठवतो, तू फक्त आपल्या अक्षरात उतरव. तिने उतरवला. वडिलांचा अर्ज कधी फेटाळला गेला नाही, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

आता, पाकीट मध्ये ठेवून, तिने फोनवर कधी न सांगितलेले उरलेले सगळे त्यांना सांगितले. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडरने तिला फाटकावरून काढून वर्द्यांच्या गोदामात पाठवले, आणि ते तिच्याच सुरक्षिततेसाठी आहे असे सांगितले. सुभेदार आपल्या खुर्चीवर राहिला. गोदामाची वाट त्याच्या कचेरीवरून जात असल्यामुळे रोज सकाळी थांबून, टाचा जुळवून, तिला त्याला 'जय हिंद साहब' म्हणावे लागे. तीन दिवस ती न म्हणता गेली, तेव्हा चौथ्या दिवशी शिस्तभंगाबद्दल तिला अधिकाऱ्यापुढे पेशीला उभे केले. कमांडिंग ऑफिसरने तिला बोलावून तिच्या धैर्याची स्तुती केली, आणि पलटण हे कुटुंब असते, कुटुंबातली गोष्ट उंबऱ्याच्या आत मिटलेली बरी, असा सल्ला दिला. पुढे तिला मनोविकारांच्या डॉक्टरकडे पाठवले. झोप लागते का, हा तिथला पहिला प्रश्न. लागत नाही म्हणावे तर वैद्यकीय श्रेणी उतरते आणि श्रेणीबरोबर बढती जाते. लागते म्हणावे तर मग एवढे झाले तरी काय होते, असे विचारायला वाट मोकळी. तिने डॉक्टरला उलट विचारले, झोपेचा हा प्रश्न सुभेदारालाही कुणी विचारला आहे का. त्या डॉक्टर एक वयस्क मेजर बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवले, मग पुन्हा उचलले आणि श्रेणीच्या रकान्यात 'बदल नाही' असे लिहिले.

चौकशी सुरू झाल्यावर सुभेदार पहिल्या दिवसापासून मंडळासमोर बसला. ज्याच्या लौकिकाला बाध येण्याचा संभव असेल त्याने सर्व वेळ हजर राहावे आणि प्रत्येक साक्षीदाराला उलट प्रश्न विचारावेत, असा नियम आहे. दर्शना साक्षीदार, म्हणून जबाब देऊन बाहेर. श्रीपतरावांना हा नियम तोंडपाठ होता, आणि तो वाईट आहे असे आजही त्यांना वाटेना. ज्याच्यावर आरोप येतो त्याला बोलू देण्यात अन्याय कसला? पण अशा प्रसंगी लौकिक फक्त एकाचाच पणाला लागलेला असतो, दुसरीला तो नसतोच, हे नियमाने गृहीत धरले होते, आणि चोवीस वर्षांत ते गृहीत त्यांना एकदाही खटकले नव्हते.

दर्शना हे सगळे अशा स्वरात सांगत होती की जणू गस्तीचा अहवाल देत आहे. आवाज चढत नव्हता, थांबतही नव्हता. श्रीपतराव तिच्याकडे पाहत राहिले. चोवीस वर्षांत त्यांनी पुष्कळ शूर माणसांच्या शिफारशी टंकित केल्या होत्या. शौर्य हा शब्द त्यांच्या बोटांना सवयीचा होता. पण शौर्य रोज सकाळी सव्वासात वाजता, एका दारासमोर टाचा जुळवून, पुन्हा नव्याने करावे लागते, असे कोणत्याही शिफारशीत त्यांनी लिहिलेले नव्हते.

पाकिटाच्या तळाशी आणखी एक टंकलिखित कागद होता. अर्ज गैरसमजातून दिला गेला, तो मागे घेत आहे, कुणाविरुद्ध तक्रार नाही. सहीची जागा पेन्सिलीच्या फुलीने दाखवलेली होती. रजा संपवून ती परतेल त्या सोमवारी मंडळ शेवटचे बसणार होते. त्या दिवशी एकतर ही सही, नाहीतर टिपणात लिहिल्याप्रमाणे निकाल: तक्रार सिद्ध होत नाही, आणि तक्रार करणारी विश्वासपात्र नाही.

"म्हंजे दोन्हीकडनं त्योच सुटतो," रूपा, दर्शनाची आई, चुलीपाशी बसून ऐकत होती, ती म्हणाली. "तू नको जाऊस परत. घरी ऱ्हा."

"आई, मी घरी ऱ्हायले तर तिसरीकडनं सुटंल."

पाचव्या दिवशी पोपट आला. पोपट हा निवृत्त सुभेदार, खोपोलीला शिळफाट्यावर त्याचे पहारेकरी पुरवण्याचे दुकान होते, आणि श्रीपतरावांशी त्याची एका छावणीतली जुनी ओळख होती. आरोप असलेला सुभेदार त्याचा एकेकाळचा शिष्य. पोपटाने मोटारसायकल अंगणात लावली, हेल्मेट काखेत घेतले, चहा मागून घेतला, गुडघे दुखतात की काय याची चौकशी केली आणि मग विषयाला आला.

"श्रीपत, पोर हुशार हाय रं तुझी. पण हुशारी पण वर्दीवानीच असती. ड्यूटी संपली की उतरवून खुंटीला लावायची."

त्याने आणलेला निरोप तोंडी होता, आणि तो कुणाचा हे त्याने सांगितले नाही. सही झाली तर नव्या वर्षात पुण्या-नाशकाकडची बदली. उन्हाळ्यापर्यंत नायकाची फीत. वैद्यकीय कागद साफ. सुभेदाराला निवृत्तीला अकरा महिने उरले आहेत, त्यालाही मुली आहेत, त्याला मानाने जाऊ द्यावे. पोपट दुष्ट नव्हता. ज्या गोष्टी त्याने सांगितल्या त्या तो मनापासून उदार समजत होता.

दर्शना दारात येऊन उभी राहिली. "पोपटकाका, त्याला अकरा महिनं ऱ्हायलेत. मला अकरा वर्षं हायेत. माझ्यावरचा चहाडखोरीचा शिक्का त्याच्याबरुबर पेन्शनीत जाणार नाय."

पोपटाला हसू आले, आणि त्याने ते लपवलेही नाही. "जबान बापाची नाय हिला," तो म्हणाला. मग तो श्रीपतरावांकडे वळला. "आणि तू रं? आख्खा जलम 'घटित हुई' लिवलंस. तवा कुणाची पोर होती ते इचारलं नायस. आता घरची आली आन् लगेच व्याकरण आठवलं व्हय?"

पोपटाने कप ठेवला, रूपाला नमस्कार केला, आणि कागद जपून ठेवा, दुमडू नका, असे बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना गावावरच्या डोंगरातल्या लेण्यांकडे निघाली. रजेत रोज ती तिकडे धावत जाई. त्या दिवशी तिने वडिलांना सोबत चला म्हटले आणि त्यांच्या गुडघ्यांच्या बेताने चालत राहिली. पुसाचे, थंडीचे दिवस होते. रानातली पाने वाळून वाटेवर पडली होती आणि पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून कोसळणाऱ्या धबधब्याचा आता नुसता काळा ओघळ कातळावर उरला होता. शेवटचा चढ संपल्यावर झाडी एकदम बाजूला होते आणि चैत्याची कमान समोर येते. श्रीपतरावांनी ती शेकडो वेळा पाहिली होती, तरी त्या ठिकाणी पाय आपोआप थांबत. अखंड कातळातून लाकडी वाशांचा भास होईल असे कोरलेले ते भव्य छत, वर जाळीदार सज्जे, सज्ज्यांत नाचणारी जोडपी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी डोंगराला आत चला म्हटले आणि डोंगर आत सरकला, असेच ते पाहताना वाटते. माणसाच्या हाताची ताकद किती, असा प्रश्न तिथे पडतो, आणि उत्तर देण्याची छाती होत नाही.

डाव्या अंगाला एका प्रचंड मूर्तीचे फक्त शिर उरले आहे. बाकीचे अंग कधीच कोसळून गेले. त्या शिराशेजारी कातळात एक ओळ कोरलेली आहे. गावातली मुले ती वाचता येण्याआधी पाठ करतात, कारण शाळेच्या सहलींना ती म्हणून दाखवावी लागते. दर्शनाने ती आता म्हटली, लहानपणी म्हणे त्याच चालीवर: "कण्हस अंतेवासिना बलकेन कतं." आणि वडिलांना विचारले, "कतं म्हंजे?"

"केलं."

"कुणी?"

"बलकानं. कण्हाचा शिष्य बलक, त्यानं." श्रीपतराव मास्तरासारखे बोलू लागले होते. "बलकेन ही तृतीया हाय. आपण बलकानं म्हंतो, तीच. करणारा आधी, केलेलं मागून."

"मग बघा ना बाबा. मूर्ती पडली. हात नाय, पाय नाय, काय केलं होतं ते पण धड दिसत नाय. पण कुणी केलं ते दोन हजार वर्षांनी कळतंय. माझ्या अर्जाला पाच महिनं झाले. त्यात काय घडलं ते हाय, आन् कुणी केलं तेच नाय."

श्रीपतराव त्या शिराखाली, एका पडक्या कातळावर बसले. आजवर त्यांनी ही ओळ गावाचा अभिमान म्हणून दाखवली होती. ती वाक्य म्हणून त्यांनी कधी वाचली नव्हती. शिल्पकार आपले नाव अभिमानाने कोरतो आणि गुन्हेगार आपले नाव लपवतो, यात नवल नाही. परंतु गुन्हेगाराला इथे काहीच लपवावे लागले नव्हते. त्याच्या वतीने ते काम दुसऱ्या कुणी, सुबक अक्षरात, विनयपूर्वक, करून ठेवले होते.

मग त्यांनी मुलीला ते सांगितले, जे पोपटाला ठाऊक होते. ते वाक्य त्यांनी तिच्यासाठी बनवलेले नव्हते. ते तयार होते. एकोणीस वर्षांपूर्वी छावणीतल्या खाणावळीत काम करणाऱ्या एका बाईने एका अधिकाऱ्याविरुद्ध तोंडी तक्रार केली होती. ती बोलत होती, आणि श्रीपतराव टंकयंत्रावर बसले होते. ती म्हणाली, यानं माझा पदर ओढला. तक्रार नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले, साहब की उपस्थिति में अशोभनीय घटना घटित हुई, असे लिही. त्यांनी लिहिले. तिला वाचून दाखवले. वाक्य इतके मोठे होते की तिने मान डोलावली आणि अंगठा दिला. महिन्याच्या आत ती छावणीतून गेली. श्रीपतरावांना मात्र ते वाक्य आवडले होते. त्याला कुठूनही धक्का लागत नाही, असे त्यांना वाटले होते, आणि म्हणून पाच महिन्यांपूर्वी, लेकीसाठी सर्वांत भक्कम काय लिहावे म्हणून शोधताना, तेच त्यांच्या हाताला लागले.

"नाव काय होतं तिचं?"

"आठवत नाय गं."

दर्शना बराच वेळ कातळावरच्या त्या तोंडाकडे पाहत होती. रागावली असती तर श्रीपतरावांना सोपे गेले असते.

"मंडळापुढं आता नवा कागद ठेवायचा, त्यात ते पण लिवा," ती म्हणाली.

"ते कशाला? त्याचा तुझ्या गोष्टीशी काय संबंध?" ते अंगावर आल्यासारखे बोलले, आणि मग वाद घालू लागले, कारण वाद घालणे त्यांना रडण्यापेक्षा जमत असे. जुने प्रकरण, जुना अधिकारी, कदाचित हयातही नसेल. मंडळाच्या कक्षेबाहेरचा मजकूर. कक्षेबाहेरचा मजकूर घातला की सगळा कागद बाजूला पडतो. दर्शनाने सगळे ऐकून घेतले.

"ते म्हंतात, अर्जात मी त्याचं नाव घेतलं नाय, म्हंजे नंतर बनवलं. मी म्हणलं, अर्ज बाबांनी लिवला, तर म्हंतील, मग बाबांनी का नाय घेतलं? त्याचं उत्तर एकच हाय. ते वाक्य माझं नव्हतं आन् तुमचं पण नव्हतं. ते फौजेचं होतं, एकोणीस वर्षं तिथंच पडून होतं. हे कळल्याबिगर त्यांना बाकीचं कसं कळंल?"

यात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते. श्रीपतरावांनी ती शोधून पाहिली, सवयीने, मुद्दा उलटा करून, सुलटा करून. आणि ती सापडत नाही असे लक्षात येताच त्यांच्या मनात भय आणि आदर यांच्या मधले असे काही तरी दाटून आले, ज्याला त्यांच्या साठवणीतला कोणताही शब्द लागू पडेना. समोर तीच कमान होती, तोच डोंगर. पण तिच्यापुढे लहान वाटत होता तो डोंगर.

बुधवारी दोघे कर्जतला वकील अनसूयाबाई टिपणीस यांच्याकडे गेले. कर्जतच्या जुन्या घराण्यातल्या या बाई बहुतेक जमिनीचे दावे चालवत, आणि फौजेच्या चौकशीत आपल्याला उभे राहता येणार नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकले. मात्र दोन कागद करता येतील, त्या म्हणाल्या. एक दर्शनाचे स्वतःचे निवेदन. दुसरे, मूळ अर्ज कुणी आणि कसा लिहिला याचे श्रीपतरावांचे प्रतिज्ञापत्र. दुसऱ्याशिवाय पहिले टिकणार नाही.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांनी संगणकावर भराभर रचला. सदर अर्जाची शब्दरचना मजकडून अनवधानाने झाली, इथपर्यंत येऊन त्यांनी वाचून दाखवले.

"अनवधानानं नाय, बाई," श्रीपतराव म्हणाले. "पूर्ण अवधान ठेवून लिवलं मी. एक अख्खी दुपार लागली. मुद्दाम लिवलं, चांगलं दिसावं म्हणून."

"श्रीपतराव, 'मुद्दाम' लिहिलंत तर उद्या तुम्हालाच विचारतील."

"इचारू द्या."

अनसूयाबाईंनी शब्द खोडला. खाणावळीतल्या बाईचा मजकूर आला तेव्हा त्यांनी पुन्हा हात थांबवला. याने तुमच्या चोवीस वर्षांच्या नोकरीला डाग लागेल, गावात कळेल, आणि समोरचा माणूस तुम्हालाच खोटे लिहिणारा ठरवून मोकळा होईल, असे त्यांनी शांतपणे समजावले. वकील म्हणून तो सल्ला बरोबर होता. श्रीपतराव खिडकीतून बाहेर पाहत होते. गावातली निम्मी माणसे ज्याच्या अक्षरावर विसंबली होती, त्यानेच आपले अक्षर कशासाठी वापरले होते, हे उद्या चहाच्या टपरीवर लोक वाचणार होते. त्यांनी मान वळवली आणि लिहा म्हणून सांगितले. नाव आठवत नाही, तेही लिहा म्हणाले.

दर्शना तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर आपले निवेदन हाताने लिहीत होती. हिंदीत, दोन पाने. अनसूयाबाईंनी ते पडताळण्यासाठी मोठ्याने वाचायला घेतले आणि व्यवसायाच्या ओघात पहिल्याच ओळीत 'सदर इसमाने' असे मराठी करून टाकले. दर्शनाने त्यांना थांबवले. "म्याडम, सदर इसम नको. मी लिवलंय ते वाचा."

तेव्हा बाईंनी ती वाक्ये होती तशी वाचली. सूबेदार राकेश ने मुझे चाबी लेकर गोदाम में बुलाया. सूबेदार राकेश ने दरवाज़ा बंद किया. सूबेदार राकेश ने मेरी कलाई पकड़ी. प्रत्येक वाक्यात तेच नाव पुन्हा येत होते. चांगल्या गद्यात अशी पुनरुक्ती दोष मानतात, आणि श्रीपतरावांच्या कानाला ती आधी टोचलीही; पण तिसऱ्या वाक्यापाशी त्यांना उमगले की इथे एकही सर्वनाम खपणार नाही. सर्वनामातून सुद्धा माणूस निसटतो. शेवटचे वाक्य होते, मैंने सूबेदार राकेश के अँगूठे को काटा. तेवढे एक कृत्य तिचे होते, आणि तेही तिने आपल्या नावावर घेतले होते. वाचून झाल्यावर अनसूयाबाईंनी आपला नोटरीचा शिक्का घेतला आणि प्रतिज्ञापत्रावर तो फार हळू, एखादी जड वस्तू ठेवावी तसा, टेकवला.

फुलीच्या खुणेचा कागद दर्शनाने परत नेला, दुमडला नाही. त्या फुलीवर सही नव्हती.

सोमवार गेला. मंगळवारही गेला. बुधवारी दुपारी फोन आला तेव्हा श्रीपतराव अंगणात होते. दर्शनाने आधी आईची विचारपूस केली आणि मग क्रमाने सांगितले. दोन्ही कागद मंडळाने आधी घ्यायला नकार दिला. मग तिने विचारले की नकार कुठल्या नियमाखाली आहे तेवढे लिहून मिळेल का, तेव्हा घेतले. दुसऱ्या दिवशी सुभेदाराने तिला उलट प्रश्न विचारले, त्रेचाळीस. त्यातला पहिला असा, की तुझा अर्ज तुझ्या बापाने लिहिला, मग तुझे म्हणणे कोणते? ती म्हणाली, "बाप ने जो लिखा, वो बाप ने लिखकर दिया है. आपने जो किया, वो मैं बोल रही हूँ." मंडळाचा कारकून थांबला. 'आपने' कसे लिहू, असे त्याने अध्यक्षांना विचारले. साक्षीदाराच्या जबाबात तसे येत नाही, तो म्हणाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, जैसा बोली, वैसा लिखो. आणि ते लिहिले गेले. तिला वाचून दाखवले गेले. तिने खाली सही केली. साक्षीदार क्रमांक दोन हे शब्द त्यांनी खोडले. त्या जागी काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही. सुभेदार अजून खुर्चीवरच आहे, ती अजून गोदामात, बदलीचे नाव कुणी काढलेले नाही, आणि पुढचे कागद आता वर जातील, त्याला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही.

"पण गेलंय बाबा कागदावर," ती म्हणाली. "आता काढायचं तर त्यांना खोडावं लागंल. आन् खोडलेलं दिसतं."

ड्यूटीची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला. श्रीपतराव अंगणात उभे होते. किती वेळचे उभे होते, ताठ, हात मांड्यांना लावून, हे त्यांना रूपा बाहेर आली तेव्हा कळले.

"काय म्हणाली वो पोर?" रूपाने विचारले.

सोळा वर्षे गावातल्या प्रत्येकाचे म्हणणे त्यांनी आधी आपल्या भाषेत घडवले होते आणि मगच पुढे दिले होते. तोंडापर्यंत आलेला पहिला शब्द त्यांनी परत गिळला. मग दर्शना जसे बोलली होती तसे, त्याच क्रमाने, हिंदी होते तिथे हिंदी ठेवून, पदरचे काही न घालता, त्यांनी तिचे एकेक वाक्य रूपाला सांगायला सुरुवात केली.